पहिल्यांदाच हो म्हणावे

मुजावर भाऊसाहेबांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही टॅक्सीच्या खिडकीतून. कुणाच्या तरी पासपोर्टच्या कामासाठी ते मुंबईला गेले होते. विमानात तर ते कधीच बसले नाहीत. पण स्टॉकहोमच्या विमानतळावरून उपसालाला जाणारी बस कुठल्या दारासमोर लागते, सामान बसच्या पोटात ठेवायचं की मांडीवर, उतरल्यावर नदीचा पूल किती पावलांवर आहे, हे त्यांना आपल्या शाहूपुरीतल्या बोळासारखं पाठ होतं. साडेसहाशे पावलं. मी मोजून पाहिली आहेत.

आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात सहकार या विषयाचा विभाग होता. साखर आणि दूध या दोन्हींवर जिल्हा उभा, त्यामुळे सहकाराचं आम्हांला कुणी शिकवावं अशी आमची मुळीच इच्छा नसे. पण डेन्मार्क आणि स्वीडन या दोन देशांत सहकारी डेअऱ्या आमच्या आजोबांच्या वेळेपासूनच्या, म्हणून तिकडे परिसंवाद भरत आणि एक-दोन वर्षांआड आमच्यापैकी कुणाला तरी बोलावणं येई. बोलावणं आलं की माणूस पहिल्यांदा घरी पेढे नेई आणि मग ऑफिसात कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी येऊन बसे. टेबलावर एक जाडजूड वही, दोन दौती, एक निळी आणि एक लाल, आणि मागे भिंतीवर युरोपचा नकाशा. त्या नकाशाच्या वरच्या भागाला बोटं लावून लावून कागद काळपट झाला होता. खालच्या इटली-ग्रीसकडे भाऊसाहेबांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. परदेशप्रवासाचे अर्ज पुढे पाठवणं, एवढंच त्यांच्याकडे होतं. पण साठ-पासष्टच्या सुमारास आमचे एक प्राध्यापक उपसालाहून सर्दी-तापाने फणफणत परत आले. तिथल्या वसतिगृहात गादी मिळते पण चादर आपली आपण न्यायची असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चार रात्री ते कोट घालून निजले. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना इतकं लागलं, की जणू पाहुणा त्यांच्याच घरी उघड्या गादीवर निजला होता. त्यांनी वही आणली आणि पहिल्या पानावर पहिलं कलम लिहिलं: 'दोन चादरी व उशीचा एक अभ्रा सोबत न्यावा.'

तिथून ते सुरू झालं. तिकडच्या चिटणिसांना, वसतिगृहांना, रेल्वेला ते पत्रं लिहीत. इंग्रजी कचेरीतलं, पण चोख. उत्तरं येत. त्यातून प्रत्येक जाणाऱ्यासाठी ते स्वतःच्या हाताने सूचनांचा कागद तयार करत. छापून घेतला तर सोपं जाईल, असं मी एकदा सुचवलं.

"माणूस येगळा तर कागद बी येगळा नको व्हय?" ते म्हणाले. "तुम्हांला चष्मा हाय, त्यांना न्हाय. तुम्हांला जास्तीचा चष्मा न्ह्या म्हणून लिवायला पायजे. त्यांना कशाला?"

बोलणं हे असं, आणि लिहिणं मात्र सरकारी खलित्यासारखं. 'घरात प्रवेश करण्यापूर्वी पादत्राणे दाराशी काढावीत. तेथेही आपल्याप्रमाणेच रिवाज आहे.' 'शनिवारी दुपारनंतर दुकाने बंद होतात. शुक्रवारीच पाव व फळे घेऊन ठेवावीत.' 'जूनमध्ये रात्री अंधार पडत नाही. डोळ्यांवर बांधण्यास काळा रुमाल न्यावा. घड्याळावर विश्वास ठेवावा, आभाळावर ठेवू नये.' आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी एकच कलम: 'परत आल्यावर घरी जाण्याआधी मुजावर यांना भेटावे व आपले काय चुकले ते सांगावे.'

'आपले' म्हणजे त्यांचं. जाणाऱ्याचं कधीच काही चुकत नसे. माणूस स्टेशनवरून रिक्षाने थेट ऑफिसात येई, भाऊसाहेब त्याला खुर्ची देत, समोरून चहा मागवत आणि लाल टाक घेऊन बसत. "हं. काय चुकलं माझं, ते आधी सांगा. गमतीजमती मागनं." मग एकेक कलम तपासलं जाई. एकदा स्वीडनने वाहनं डावीकडून चालवायची सोडून उजवीकडून चालवायला सुरुवात केली आणि त्यांच्या कागदावर मात्र रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहा असंच राहिलं. तो कागद घेऊन गेलेला माणूस धडधाकट परत आला, पण भाऊसाहेब चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. "एवढा मोठा देश, पण एक कार्ड टाकायला नको?" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आम्ही हसलो होतो. आता वाटतं, तिकडे गेलेल्या आमच्या माणसाच्या जिवाची जबाबदारी खरोखर आपली आहे असं मानणारा तो एकटाच माणूस होता, आणि आम्ही हसत होतो.

चौगुले सरांची गोष्ट तर आमच्या कॉलेजात अजून सांगतात. चौगुले सर जैन, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणारे. त्यांना डिसेंबरात कोपनहेगनचं बोलावणं आलं. सरांना आनंद झाला, सत्कार झाला, आणि सूर्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाऊसाहेबांच्या आलं. त्यांनी तिकडे पत्र टाकून त्या पाच दिवसांच्या सूर्यास्ताच्या वेळा मागवल्या. साडेतीन-पावणेचार! म्हणजे रात्रीचं जेवण दुपारच्या सत्रात उरकायला हवं. मग आणखी एक पत्र गेलं, आणि चौगुले सरांच्या कागदावर कलम आलं: 'रोज तीन वाजता चिटणीसबाई डबा आणून देतील. त्यात कंदमुळे नसतील. त्या सत्रात मागच्या बाकावर बसावे.' सर परत आले ते डोळे भरून. पाचही दिवस तीनच्या ठोक्याला डबा आला होता.

"भाऊसाहेब, हे तुम्हांला सुचलं कसं?" मी विचारलं.

"सूर्य कवा मावळतोय हे आम्हांलाबी बघायला लागतंय की सर. रोजे न्हाईत व्हय?"

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा उपसालाला, नदीकाठच्या पाहुण्यांच्या घरात उतरलो. ते घर इंग्रिडबाई चालवत. उंच, केस पांढरे, बोलणं मोजकं. भाऊसाहेबांची आणि त्यांची तोवर सात-आठ वर्षांची पत्रापत्री होती. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, जेवणार का. मी रिवाजाप्रमाणे म्हणालो, नको नको, कशाला. आमच्या कोल्हापुरात नको म्हणणं ही जेवणाची सुरुवात असते. तुम्ही नको म्हणायचं, यजमानाने "असं कसं पावणं" म्हणून हाताला धरायचं, तुम्ही पुन्हा नको म्हणायचं, त्याने पाट मांडायचा. इंग्रिडबाईंनी मान डोलावली, भांडी उचलली आणि दिवा मालवला. मी सुटकेसमधला चिवडा खाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, कारण सवय जात नाही.

परत येऊन हे सांगितलं तेव्हा भाऊसाहेब ठसका लागेपर्यंत हसले. मग गंभीर झाले आणि लाल शाईने सतरावं कलम लिहिलं. 'काही विचारले असता पहिल्यांदाच हो म्हणावे. तिकडे दुसऱ्यांदा आग्रह करीत नाहीत.'

"आपल्या मान्साला ह्ये लई अवघड जाणार बगा," ते म्हणाले.

ते त्यांनाच अवघड गेलं. म्हणून तर हे सगळं लिहायला बसलो आहे.

त्यांना निवृत्त व्हायला दोन-तीन वर्षं उरली असताना इंग्रिडबाईंचं पत्र आलं. त्या जूनमध्ये उपसालाला मोठा परिसंवाद होता, आणि या खेपेला चिटणिसांनी ठरवलं होतं की निरनिराळ्या देशांतून येणाऱ्यांची वाट सोपी करून देणारी जी माणसं आहेत, त्यांनाही बोलवावं. येण्याजाण्याचं सगळं तेच करणार होते. फक्त कॉलेजचा ना हरकत दाखला एप्रिलअखेर हवा होता. भाऊसाहेब ते पत्र घेऊन माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी पत्र वाचलं आणि मला खरंच आनंद झाला.

"वा भाऊसाहेब! आता जायलाच पाहिजे तुम्हांला."

"आमचं काय हो सर. कारकून माणूस. आम्हांला कोण सोडतंय."

ते दारात उभे होते. हातातल्या पत्राची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. मी म्हणालो, "बघू या की," आणि तासाची घंटा झाली म्हणून खडू घेऊन निघालो. बस, एवढंच. असं कसं, भाऊसाहेब, मी अर्ज लिहून देतो, चला प्राचार्यांकडे, असं हाताला धरून मी म्हणालो नाही. जिथे आग्रहाशिवाय घास उचलत नाहीत त्या गावचा मी, आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही.

अर्ज त्यांनी केला. पण प्रत्येक अर्जावर एक तर संबंधित कारकुनाची टिपणी लागे, नाही तर परदेशप्रवास समितीतल्या एका सदस्याची शिफारस. त्याशिवाय कागद प्राचार्यांपुढे जात नसे. संबंधित कारकून म्हणजे स्वतः भाऊसाहेब. वीस वर्षं त्यांनी आमच्या सगळ्यांच्या अर्जांवर 'जाणे उचित आहे' असं लिहिलं होतं. स्वतःच्या अर्जावर ते त्यांना लिहवेना. त्यांनी तो टिपणीशिवाय हेडक्लार्ककडे पाठवला. तिथून 'संबंधित लिपिकाने टिपणी सादर करावी' असा शेरा घेऊन तो परत त्यांच्याच टेबलावर आला. असं तीनदा झालं. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हता, नियमाने वागणारा होता. एप्रिल संपला.

मे महिन्यात माझंच उपसालाचं निघालं. मी कागद घ्यायला गेलो तेव्हा कुठे मला आठवण झाली. तेसुद्धा त्यांच्या टेबलाशी खुर्चीत बसल्यावर.

"तुमच्या अर्जाचं काय झालं हो?"

"मुदत सपली की सर. दप्तरी दाखल केला."

"कुणी?"

"मीच. ते काम माझ्याकडंच हाय न्हवं."

मी हेडक्लार्कच्या नावाने, ऑफिसच्या नावाने, एकूण व्यवस्थेच्या नावाने पाच मिनिटं तावातावाने बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग निळी दौत पुढे ओढली आणि विचारलं, "सर, गुडघा अजून दुखतोय काय तुमचा? विमानात कडंची जागा मागून घ्या. लिवतो मी तसं." तो कागद नेहमीपेक्षा एका पानाने मोठाच झाला.

उपसालाला काही म्हणजे काही चुकलं नाही. बस त्याच दाराशी होती. पुलाच्या अलीकडे डावीकडे वळलो, तर घराच्या दारात इंग्रिडबाई. माझ्या मागे पाहत त्यांनी विचारलं, मिस्टर मुजावर कुठे आहेत? दाखला मिळाला नसल्याचं पत्र भाऊसाहेबांनी धाडलं होतं, पण एकदा जमत नाही म्हणून कळवलेल्या माणसाचंही ऐनवेळी जमतं, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. त्यांनी मला जिन्याजवळच्या खोलीपाशी नेलं. दारावर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, तिच्यावर भाऊसाहेबांचं पूर्ण नाव. आत पलंगावर दोन चादरी अंथरलेल्या, अभ्रा घातलेला. त्या घरात चादरी देत नसत. त्या इंग्रिडबाईंच्या घरच्या होत्या. खिडकीला त्यांनी काळं जाड कापड लावलं होतं. मी शेजारच्या खोलीत सहा दिवस राहिलो आणि जातायेता ती चिठ्ठी वाचत राहिलो.

परत आल्यावर स्टेशनवरून सरळ ऑफिसात गेलो. चहा आला. लाल दौत उघडली गेली.

"हं. काय चुकलं माझं?"

"काही नाही, भाऊसाहेब."

"कायच न्हाय?" ते जरा खट्टू झाले. "इंग्रिडबाई कशा हाइत?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. खोलीचं सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला बजावलं. खरं म्हणजे मला त्यांच्या तोंडाकडे बघत ते सांगायचा धीर नव्हता.

ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात नारळ, शाल आणि चार भाषणं झाली. एक माझंही होतं. इंग्रिडबाईही त्याच सुमारास काम सोडून बहिणीकडे राहायला गेल्या. वही भाऊसाहेबांनी ऑफिसात ठेवली. नव्या कारकुनाने ती कपाटावर टाकली, पण जाणाऱ्यांनी सांगून सांगून परत खाली काढायला लावली. पुढे वर्षभराने ऑफिसातली जुनी दप्तरं निकालात काढायचं ठरलं, आणि काय ठेवायचं काय जाळायचं हे बघायला मला बसवलं. तिसऱ्या गठ्ठ्यात त्यांची फाइल निघाली.

वर अर्ज. त्यावर हेडक्लार्कचे तीन शेरे. आणि खाली, समासात, माझ्या अक्षरात: 'पाहिले.' त्याखाली माझी सही.

त्या वर्षी मी समितीचा सदस्य होतो. तिसऱ्यांदा परत आल्यावर त्यांनी फाइल माझ्याकडे पाठवली असणार. एक ओळ मी लिहायची होती. शिपाई फायलींचा ढीग घेऊन यायचा, मी व्हरांड्यात उभ्या उभ्या एकेक पान उचलून 'पाहिले' लिहायचो आणि वर्गावर जायचो. तशीच हीही केली असणार. मला आठवतसुद्धा नाही. दप्तरी दाखल करताना भाऊसाहेबांनी ते वाचलं होतं, आणि त्यानंतर माझं ते तावातावाचं भाषणही ऐकून घेतलं होतं.

अर्जाखाली टाचणीने आणखी एक कागद जोडलेला होता. 'श्री. मुजावर यांच्यासाठी सूचना.' एकोणीस कलमं. चादरी, अभ्रा, काळा रुमाल, दम्याच्या गोळ्या. सतराव्या कलमापुढे त्यांनी कंस करून लिहिलं होतं, 'हे विसरू नये.' आणि शेवटचं कलम होतं: 'परत आल्यावर घरी जाण्याआधी कुलकर्णी सरांना भेटावे व आपले काय काय खरे निघाले ते सांगावे.'

कुलकर्णी सर म्हणजे मी.

तो कागद खिशात घालून त्याच दुपारी मी शाहूपुरीत गेलो. दार त्यांच्या सुनेने उघडलं. "या की सर. अब्बा जागंच हाइत. पर लई बोलाय लावू नका, दम लागतोय." भाऊसाहेब खिडकीजवळच्या पलंगावर होते. अंगावर घोंगडं, पाठीशी तीन उशा. इतके बारीक झाले होते की घोंगड्याखाली माणूस आहे असं वाटू नये.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"चवथ्या कलमात चूक हाय," ते म्हणाले. "बसची येळ बदलली आसंल आता."

"भाऊसाहेब, मी अर्ज वाचला नव्हता. न वाचताच सही केली."

"म्हाईत हाय की." थोडा वेळ श्वास घेऊन ते म्हणाले, "मलाबी सांगाय पायजे हुतं. वाटलं, तुम्ही एकदा इचाराल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तेच घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या हो सर. बसा. चहा टाकाय लावू?"

मला रडू आलं. पन्नाशीचा प्राध्यापक, त्यांच्या सुनेसमोर रडलो. मग डोळे पुसून म्हणालो, "त्या वेळी मी तुम्हांला एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या घरात जिन्याजवळच्या खोलीच्या दारावर तुमच्या नावाची चिठ्ठी होती. इंग्रिडबाईंनी घरच्या चादरी आणून अंथरल्या होत्या. तुम्हांला आणाव्या लागू नयेत म्हणून."

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बसमधनं उतरल्यापासनं सांगा."

मी सांगू लागलो. "तुम्ही बसमधून उतरलात. सामान पोटातून काढून घेतलंत."

"डाव्या बाजूला बघून रस्ता वलांडला."

"हो. मग नदीचा आवाज येतो. लिंबासारखी झाडं आहेत दोन्ही बाजूंना. पूल आला."

"साडेसहाशे."

"बरोबर साडेसहाशे. अलीकडे डावीकडे वळलात. पिवळं घर. दार उघडंच आहे."

"बाई हाइत दारात?"

"आहेत. तुमचीच वाट बघतायत."

घोंगड्याखाली त्यांचे पाय हलले. एका पायाने दुसऱ्या पायातल्या जोड्याची टाच ढकलावी तसे, आधी उजवा, मग डावा. त्यांची सून चटकन पुढे झाली, तिला वाटलं घोंगडं सरकलं. मी तिला हाताने थांबवलं.

"आत आलात," मी म्हणालो. "बाई विचारतायत, जेवणार का?"

"व्हय," भाऊसाहेब लगेच म्हणाले.

सून माझ्याकडे बघत राहिली. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, ती आत जाऊन भात घेऊन आली.